वासरू दूर बांधावे

चोवीस वर्षांची असताना मी गाईंच्या नोकरीत होते. म्हणजे गाईंच्या नावानं चाललेल्या नोकरीत. नागपूरच्या धंतोलीत दोन खोल्यांचं ऑफिस, तीन कपाटं, एक मराठी टाइपरायटर, एक सायक्लोस्टाइलचं यंत्र आणि मी. बाहेरच्या पाटीवर गोपैदासकारांच्या संघाचं लांबलचक नाव. गवळाऊ जातीच्या गाई पाळणाऱ्या लोकांचा तो संघ होता. गवळाऊ म्हणजे आपल्याच नागपूर-वर्ध्याकडची पांढरी, निमुळत्या तोंडाची, चपळ गाय. संघात गाय पाळणारे होते ते सगळे खेड्यांत, आणि संघ चालवणारे होते ते सगळे शहरात. दोघांची गाठ वर्षातून एकदा, जानेवारीत, वार्षिक अधिवेशनात पडायची.

अधिवेशन म्हणजे दोन दिवस मांडव, बिल्ले, हारतुरे आणि ठराव. छातीवर लावायच्या बिल्ल्याची फीत केशरी असावी की हिरवी, यावर कार्यकारिणीची दीड तास चर्चा झालेली मी स्वतःच्या हातानं इतिवृत्तात लिहिली आहे. गाईंच्या या अधिवेशनात चहा मात्र पावडरीच्या दुधाचा असे. एवढ्या माणसांना पुरेल इतकं दूध आणायचं कुठून, असं भोजन समितीचं म्हणणं होतं, आणि ते कुणालाही हास्यास्पद वाटत नव्हतं. मला वाटायचं. मी तोंडाला पदर लावून टाइप करत बसायचे.

अध्यक्ष जुने मालगुजार, म्हणजे आमच्याकडचे जमीनदार. मालगुजारी जाऊन वीसेक वर्षं झाली होती, पण आवाजातून गेली नव्हती. उद्घाटनाला गोपूजन त्यांच्या हस्ते होई. दोन गडी गाईचं दावं दोन्ही बाजूंनी ताणून धरत आणि अध्यक्षमहाराज हातभर लांब उभे राहून, कंबरेतून वाकून, तिच्या कपाळावर कुंकू फेकल्यासारखं करत. गाईनं नुसतं नाक फेंदारलं तरी हे दोन पावलं मागे. बंगल्यामागे त्यांनी दोन जर्सी संकरित गाई बांधल्या होत्या, त्याही नोकराच्या जिवावर. गवळाऊंच्या संघाचा अध्यक्ष घरी जर्सीचं दूध पितो, याचं कुणाला काही वाटत नसे.

आणि चिटणीस. पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले, टाय लावणारे, बाहेरदेशी तीन महिन्यांचा कोर्स करून आलेले. तो कोर्स ते दर आठवड्याला एकदा तरी काढत. जन्मभर त्यांनी गाय पाहिली ती फायलीत. आदल्या वर्षीच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर 'आदर्श गवळाऊ गाय' म्हणून जो फोटो गेला, तो बैलाचा होता. प्रूफ आलं तेव्हा मी म्हटलं, "साहेब, हा बैल आहे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, फोटो कमिटीनं पास केलाय. तुमचं काम टायपिंगचं. तेवढं करा."

केलं. स्मरणिका छापून आली, वाटली गेली. खेड्यातले लोक मांडवात एकमेकांना कोपरानं ढोसून ती दाखवत होते आणि पोट धरून हसत होते. व्यासपीठावरच्या एकाच्याही लक्षात आलं नाही. मी त्या दिवशी मनाशी ठरवून टाकलं की यापुढे या शहाण्यांना अवाक्षर सांगायचं नाही. मरा म्हटलं.

पुढच्या वर्षीच्या अधिवेशनात संघानं एक नवी गोष्ट काढली. वळू पसंतीची. खेड्यातून चांगल्या वंशाचा गोऱ्हा आणायचा, सोबत त्याची आई आणायची. आईचं दूध मैदानावर सर्वांसमक्ष दोन वेळा काढून मोजायचं, संध्याकाळी आणि सकाळी. दोन्ही मिळून चार लिटर भरलं तर गोऱ्हा पास. त्याच्या कानात संघाचा बिल्ला, आणि तो गावात सांड म्हणून राहणार. नाही भरलं तर नापास, आणि नापास गोऱ्हे दुसऱ्या दिवशी तिथेच, मैदानाच्या कडेला, शिबिर लावून खच्ची करायचे. हलक्या वंशाचे सांड गावोगाव मोकळे फिरतात, ते बंद व्हायला हवं, असं त्यामागचं धोरण. प्रवेशाच्या अर्जात ती अट होती आणि गोऱ्ह्याच्या मालकानं त्याखाली सही करायची होती. अर्जही मीच टाइप केला.

दूध मोजण्याच्या स्पर्धेचे नियम चिटणिसांनी एका परदेशी संस्थेच्या पुस्तिकेतून घेतले. एक दिवस त्यांनी मला अकरा नियमांचा मराठी मसुदा दिला. सातवा नियम असा होता: 'दोहनापूर्वी व दोहनसमयी वासरू गाईच्या दृष्टिपथात नसावे. वासरू दूर बांधावे.'

मी ते वाचलं आणि माझी बोटं थांबली.

आमच्या घरी, महाल भागात, मागच्या अंगणात आई दोन गाई पाळायची. देशी गाय काय चीज असते ते मला फ्रॉक घालत होते तेव्हापासून माहीत होतं. वासरू आधी लावावं लागतं. ते ढुशा देतं, दोन-चार घोट ओढतं, मग गाईला पान्हा फुटतो, मग वासराला बाजूला बांधून, तेही तिच्या तोंडासमोर, धार काढायची. ती त्याला चाटत राहते आणि दूध देत राहते. वासरू दिसलं नाही तर ती दूध वर ओढून धरते. कितीही चोळा, कितीही सरकीची ढेप घाला, तांब्याभरच निघेल. वासरू मेलं तर आई त्याच्या कातड्यात पेंढा भरून घेऊन ते गाईपुढे ठेवायची, तेव्हा कुठे धार निघायची. त्या परदेशी गाई वासराशिवाय मुकाट्यानं दूध देतात, तेव्हा त्यांच्या पुस्तिकेत तो नियम ठीकच होता. आणि आमचा हा गोपैदासकार संघ, ज्याच्या नावातच गाय आहे, तो गवळाऊंच्या स्पर्धेला हा नियम लावून राहिला होता!

मला हसू आलं. अगदी मनापासून आलं. स्टेन्सिल यंत्रात घातलेलं होतं. चूक झाली तर लावायचं लाल औषध बाटलीत होतं. उठून आतल्या खोलीत जायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच काम होतं. मी नाही उठले. म्हटलं, होऊ दे. सगळ्या पाहुण्यांसमोर, पशुसंवर्धन खात्याच्या उपसंचालकांसमोर, एकेक गवळाऊ उभी राहील आणि रिकामी बादली दाखवेल, तेव्हा या टायवाल्याचं तोंड बघण्यासारखं होईल. मी सातवा नियम जसाच्या तसा स्टेन्सिलवर कापला, म्हणजे टाइप केला, एकही चूक न करता. 'दृष्टिपथात' सुद्धा.

घरी जाऊन आईला सांगितलं तेव्हा तीही हसली. मग म्हणाली, "मंग सांग ना वं त्याईले."

"मी काहून सांगू? माझं काम टायपिंगचं."

"बरं बाप्पा," आई म्हणाली आणि वैरण टाकायला गेली.

अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी सकाळपासून मैदानावर ट्रक येऊन राहिले होते. माझं टेबल प्रवेशाच्या कमानीशी होतं. गोऱ्ह्याचा नंबर लिहायचा, सही घ्यायची, नियमांचा कागद द्यायचा. पंधरा-सोळा गोऱ्हे आले. त्यात काटोलकडच्या एका खेड्यातली एक बाई होती. चाळिशीची असेल, नऊवारी, कपाळावर भलं मोठं कुंकू, हातात वेत. संत्र्याची तोड चालू होती म्हणून नवरा बागेत अडकला होता, तर ही एकटीच तीन जनावरं घेऊन आली होती. गाय, तिचं दोन महिन्यांचं वासरू, आणि दोन वर्षांचा गोऱ्हा. तो गोऱ्हा नुसता बघत राहावा असा होता. पांढरा शुभ्र, मानेवर राखाडी झाक, उभा राहायची ऐट अशी की आसपासचे शेतकरी आपली जनावरं सोडून त्याला बघायला आले.

"माह्या बापानं आंदण देल्ली गाय व्हती," बाई मला सांगू लागली. मी विचारलं नव्हतं. "तिची ही नात. माहेरी तं भावाईनं सारं इकून टाकलं, एक खूर ठेवला नाई. आता त्या गाईच्या रगताचा सांड होईन असा हा एकच गोऱ्हा आहे पाय. अन् आमच्या गावचा सांड मेला औंदा. पंचायत म्हंते, कानात बिल्ला असन तं ठेवू याले, नाई तं इंजेक्शनं आणू जर्सीचे. म्हून आणला."

"आणि नापास झाला तर?" मी विचारलं. "अर्जात अट आहे मावशी. वाचली ना?"

"वाचली. चौथी शिकली आहे मी." ती हसली. "नापास कायचा होते? सकाळी तीन लिटर देते माही गाय, संध्याकाळी अडीच. चार तं ती झोपेत देईन."

तिनं सही केली. अक्षर गोल, ठळक. मग नियमांचा कागद हातात घेऊन बोट ठेवत ठेवत वाचू लागली आणि सातव्यावर अडली. वर बघून पुन्हा वाचलं.

"हे काय लिवलं वं बाई? वासरू दूर बांधावे? मंग पान्हा काय अध्यक्ष फोडन?"

मागे रांगेत उभे असलेले लोक खो-खो हसले. मीही हसले. तिला वाटलं, कागदात चूक झाली असेल, साहेब लोक सुधारतील. मी तिला सांगू शकले असते की चूक नाही, हे खरंच आहे, चला माझ्यासोबत, आत्ताच चिटणिसांकडे जाऊ. अकराच वाजले होते. धार संध्याकाळी पाचला होती. पण मला संध्याकाळचा तमाशा बघायचा होता. मी म्हटलं, "नियम आहे मावशी," आणि पुढचा नंबर लिहायला घेतला.

दुपारी वासरं नेली. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, भोजनाच्या मांडवामागे, त्यांच्यासाठी वेगळा मांडव घातला होता. तिथून ती ओरडत होती आणि इकडून गाई हंबरत होत्या. मधल्या मांडवात एक पाहुणे 'गोमातेचे वात्सल्य' या विषयावर भाषण करून राहिले होते आणि त्या गोंगाटामुळे त्यांना सारखं थांबावं लागत होतं. शेवटी अध्यक्षांनी उठून माइकवरून सांगितलं, "अरे भाई, ते जनावरं गप्प करा कोणी!"

पाच वाजता धारा काढायला सुरुवात झाली. संघानं दोन गडी आणले होते, चांगला हातखंडा असलेले. चिटणीस हातात कागद घेऊन उभे, उपसंचालक खुर्चीवर, मी शेजारी वही घेऊन. पहिली गाय. गडी बसला, सड धुतले, चोळले, ओढले. बादलीच्या तळाला धार लागून टणटण आवाज आला आणि थांबला. अर्धा लिटर. दुसरी, पाऊण. तिसरीनं लाथ घातली, तिचं काहीच नाही. मी वहीवरून डोळे वर करून चिटणिसांचं तोंड बघत होते. आता पडेल, आता पडेल.

तोंड पडलं नाही. ते प्रत्येक आकडा ऐकून मान हलवत होते, अगदी समाधानानं. जणू त्यांना हेच अपेक्षित होतं.

काटोलकडच्या बाईची गाय आली. बाईनं तिच्या गळ्यात हात घातला, कानाशी काही बोलली, ढेपेचं टोपलं पुढे धरलं. गाय टोपल्याकडे बघेना. मान वळवून वासरांच्या मांडवाकडे बघत उभी. गड्यानं पाव तास घालवला. पाऊण लिटर. गडी उठला आणि तोही बोलला, "साहेब, वासरू लागन जी. हिनं दूध चढवलं आहे वर."

"नियम सात," चिटणीस म्हणाले.

मोजून झाल्यावर वासरं सोडायची होती. सोडली तशी ती धावत सुटली. बाईचं वासरू थेट आईच्या कासेला भिडलं, दोन ढुशा दिल्या, आणि गाईनं असा पान्हा सोडला की वासराच्या तोंडातून फेस खाली मातीत गळू लागला. एका बाजूचे सड वासरू पीत होतं आणि दुसऱ्या बाजूचे आपोआप थेंबथेंब गळत होते. बाईनं चिटणिसांना दंडाला धरलं, खरंच धरलं, आणि ओढून तिथं आणलं.

"पाहा जी साहेब! डोयानं पाहा! हे दूध कोठून आलं मंग? आभाळातून पडलं?"

चिटणिसांनी दंड सोडवून घेतला, बाही नीट केली. "बाई, ते वासराचं दूध. आपण माणसाला मिळणारं मोजतो."

असं उत्तर मी पुढे आयुष्यात कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. ते बोलले ते ठासून, आणि उपसंचालकांनी त्यावर मान डोलावली.

शेवटी अध्यक्षांच्या जर्सी आल्या. स्पर्धेसाठी नाही, 'तुलनेसाठी' म्हणून. वासराचा पत्ता नाही, तरी रवंथ करत उभ्या राहिल्या आणि एकेकीनं भरभरून दूध दिलं. टाळ्या पडल्या. आणि चिटणिसांनी तिथल्या तिथे माइक घेऊन सांगितलं की आजच्या या शास्त्रीय चाचणीनं गवळाऊ जातीची दुधाबाबतची मर्यादा सिद्ध झाली आहे, आणि संघानं आता भावनेत न अडकता संकराचा विचार करायला हवा.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी वाट बघत होते की ही माणसं हसं होऊन लाजतील. पण ज्याला आपण हसं झालो हेच कळत नाही, तो लाजणार कसा? त्यांनी गाईंनाच नापास केलं होतं. बैलाच्या फोटोच्या वेळीच मला हे समजायला हवं होतं. एवढी हुशार समजत होते मी स्वतःला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच मी मैदानावर पोचले. सकाळची धार बाकी होती. चिटणीस मांडवात खुर्च्या मोजत होते. मी म्हटलं, "साहेब, सातवा नियम चुकीचा आहे. देशी गाय वासराशिवाय पान्हवत नाही. आत्ता बदला. सकाळची धार वासरू लावून काढा आणि कालची धरूच नका. नाही तर हे सगळे गोऱ्हे उगाच जातील."

त्यांनी मला पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. "तुम्हाला कसं माहीत?"

"आमच्या घरी गाई आहेत."

"मग स्टेन्सिल कापताना का नाही बोललात?"

मी म्हटलं, "मागच्या वर्षी बैलाच्या फोटोचं सांगितलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, तुमचं काम टायपिंगचं."

"मी हजार गोष्टी बोलेन हो," ते म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी, हे वाईट. "मी बोललो म्हणून एवढी मोठी गोष्ट तुम्ही पोटात ठेवायची?" मग घड्याळाकडे बघत म्हणाले, "आता काल माइकवरून निष्कर्ष जाहीर झालाय. उपसंचालक ऑफिसला कळवून बसलेत. आता बदलला तर संघाची शोभा होईल."

शोभा! मी तिथंच उभी राहून त्यांना मनातल्या मनात जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या घातल्या. नालायक, घमेंडखोर, बिनकण्याचा माणूस. आजही ते माझ्या नजरेत तेच आहेत, त्यात काही फरक पडलेला नाही. पण त्यांचा प्रश्न खरा होता, आणि ते त्यांनाही कळलं होतं. ते पुन्हा खुर्च्या मोजू लागले.

सकाळची धार झाली. बाईची गाय अर्ध्या लिटरवर थांबली. नऊ वाजता निकाल लागला: सगळे गोऱ्हे नापास. काही शेतकरी रात्रीच जनावरं घेऊन पळाले होते, ते वाचले. बाई पळाली नव्हती. सकाळी तरी साहेबांना अक्कल येईल, असं तिला वाटलं होतं. शिवाय सही केली होती. सही केली आणि पळालो, असं तिच्या माहेरी-सासरी कुणी केलं नव्हतं, असं ती गड्याला सांगत होती.

शिबिर मैदानाच्या कडेला, निंबाखाली. मी लांब उभी राहिले. गोऱ्ह्याला आडवा पाडायला सहा माणसं लागली. बाईनं स्वतः त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच्या डोळ्यांवर पदर धरला. मोठा लोखंडी चिमटा असतो. काम दोन मिनिटांचं. गोऱ्हा एकदाच ओरडला आणि मग नुसता जोरात श्वास घेत राहिला. तिकडे मांडवात समारोप चालू झाला होता आणि अध्यक्ष 'आपल्या गवळाऊंचा वैभवशाली वारसा' यावर बोलत होते.

ट्रक दुपारी तीनला निघणार होता. गोऱ्हा उठून उभा राहिला होता, पाय फाकवून. बाई गाईजवळ बसली होती. वासराला आता कुणी अडवत नव्हतं, ते लुचत होतं. माझ्या हातात तिच्यासाठी चहा होता, तोच पावडरीचा. तिनं घेतला, एक घोट पिऊन बाजूला ठेवला.

मला सांगायचं होतं. तेवढ्यासाठीच मी आले होते. म्हणायचं होतं, मावशी, मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी एक शब्द बोलले असते तर तुझा गोऱ्हा आज सांड असता. मला त्या लोकांची फजिती बघायची होती, म्हणून मी गप्प बसले. वाक्य तयार होतं, तोंडाशी आलं होतं.

तिनंच विचारलं. "तो कागद तूच छापला ना वं?"

"हो."

"अन् तुले ठाऊक नव्हतं? वासराबिगर गाय पान्हवत नाई, हे?"

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती खरंच विचारत होती. रडून डोळे सुजले होते, आणि त्या डोळ्यांनी ती माझ्या साडीकडे, मनगटावरच्या घड्याळाकडे, बोटांना लागलेल्या शाईकडे बघत होती.

"नव्हतं," मी म्हणाले.

"मंग तुहा काय दोष," ती म्हणाली. "तुमी शहरातल्या पोरी. तुमाले कोण सांगन?" तिनं मला हाताला धरून गाईशेजारी खाली बसवलं, माझा तळवा घेऊन तिच्या गरम कासेवर ठेवला आणि, वासरू पहिली ढुशी देतं तिथपासून, सगळं समजावून सांगू लागली. मधेच थांबून विचारायची, "समजलं ना?" मी म्हणायचे, "हो, समजलं." ट्रकवाल्यानं हॉर्न दिला तरी ती सांगत राहिली, आणि मी ऐकत राहिले.